चारवाला आणि आठवाला

“अहो, थांबा! तो माझा आहे!”

खारूने हे वाक्य इतक्या जोरात टाकलं, की तळघरातल्या त्या जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात फुंकर मारून पंखे साफ करत बसलेले दुकानदारकाकाही दचकले. ज्याच्यासाठी ते वाक्य होतं, तो मात्र जिन्याच्या पहिल्या पायरीवर शांतपणे थांबला. उंच, किंचित वाकलेला, शर्टाच्या खांद्यांवर पावसाचे थेंब… आणि दोन्ही हातांत छातीशी धरलेला एक काळा, जडशीळ डबा.

आठवाला!

“मी काकांना फोन करून सांगितलं होतं, बाजूला ठेवा म्हणून,” खारू म्हणाली.

“मला नाही बोलले काही,” तो म्हणाला. आवाज मऊ होता. आणि बोलण्याआधी तो क्षणभर थांबला होता — समोरच्याचं वाक्य नीट ऐकून, त्याची घडी घालून ठेवल्यावरच आपलं बाहेर काढावं, तसा.

काकांनी कपाळावर हात मारला. “अगं बाई, विसरलोच की मी! पण तो दुसरा आहे ना. चारवाला. दोघं एकाच काळातले. म्हातारे झालेत, पण खणखणीत आहेत.”

खारू हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती खारीसारखी तुरुतुरु पळायची आणि दिसेल ते गोळा करून कपाटात दडवायची, म्हणून तिच्या ताईने ठेवलेलं हे नाव. चिकटलं ते चिकटलंच. मोठेपणी ती कॉम्प्युटरवर हलती चित्रं करू लागली. सध्या एका हॉस्पिटलच्या मुलांच्या विभागासाठी ती छोटी फिल्म करत होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मुलांना दाखवायची, म्हणजे त्यांची भीती थोडी कमी होईल. फिल्ममधलं एकेक चित्र कॉम्प्युटरने रंगवून, उजेड-सावली भरून तयार करायचं, आणि अशी हजारो चित्रं. तिचा आधीचा कॉम्प्युटर या कामाखाली मान टाकून मोकळा झाला होता. नवा घ्यायची ऐपत नव्हती. आणि जुन्यात तिला आठ कोअरचाच प्रोसेसर हवा होता. कोअर म्हणजे प्रोसेसरचे काम करणारे हात. जितके हात जास्त, तितकी चित्रं भराभर.

“तुम्हाला आठ कशाला हवेत?” तिने विचारलं.

“चारापेक्षा जास्त असतात म्हणून.”

काका फिसकन हसले. खारूला मात्र हसू दाबताना नाकपुड्या फुगवाव्या लागल्या.

“तसं नसतं हो ते. करायचंय काय त्याच्यावर?”

पुन्हा तो छोटा थांबा.

“बोलायचंय.”

“कॉम्प्युटरशी?”

“नाही. कॉम्प्युटरने बोलायचंय. माझ्या बाबांच्या आवाजात.” त्याने डबा जरा सावरून धरला. “त्यांचा घसा… ऑपरेशन झालं. आवाज गेला. जायच्या आधी मी रेकॉर्ड करून ठेवला होता.”

एवढा वेळ ती ज्या डब्यावर हक्क सांगत होती, त्यात एका माणसाचा आवाज राहायला येणार होता! पण तिकडे हॉस्पिटलची तारीखही डोक्यावर होती. तिने खोल श्वास घेतला.

“असं करू या का? चारवाला मी नेते. तुम्ही आठवाला घेऊन माझ्या कामाच्या खोलीवर या. एकच रॅम, एकच हार्ड डिस्क, आलटून पालटून दोघांना लावू आणि दोघांकडून दोन्ही कामं करून घेऊ. ज्याचं ज्याला जमेल, ते त्याने न्यावं.”

“आणि आठवाला दोघांच्याही कामाचा निघाला तर?”

“तर… भांडू.”

“चालेल,” तो म्हणाला. आणि हसला. फक्त डावा गाल हसला, पण तळघरात उजेड वाढल्यासारखा वाटला खरा.

*

तिची कामाची खोली म्हणजे ताईच्या दाताच्या दवाखान्याची मागची खोली. मधे एकच भिंत. भिंतीपलीकडे ड्रिलचं घूं-घूं आणि कोणाचं तरी “आ… आ…”. अलीकडे खारूची चित्रं.

तो आला तेव्हा ताई दारातच उभी होती. “आपण काय करता?”

“कान तपासतो. ज्यांना कमी ऐकू येतं, त्यांना ऐकायची यंत्रं बसवतो.”

“वा! मी दात, तुम्ही कान. नाकवालं कोणी सापडलं तर पूर्ण चेहऱ्याचाच दवाखाना काढू.” आणि खारूकडे एक तिरका कटाक्ष टाकून ती आत गेली. त्या कटाक्षाचा अर्थ खारूला व्यवस्थित कळला, म्हणून तिने तो पाहिलाच नाही असं दाखवलं.

दोन्ही डबे उघडून टेबलावर ठेवले. एकच पडदा, एकच कीबोर्ड, जमिनीवर वायरींचा गुंता. दोघं सुरू तरी होतात का बघायला खारूने दोघांची बटणं दाबली… आणि भप्पकन सगळं अंधारलं. पंखा थांबला, दिवे गेले, पलीकडचं ड्रिलही थांबलं.

“खारू!” भिंतीपलीकडून ताई गरजली. “माझ्या पेशंटच्या तोंडात माझा हात आहे!”

दोन कॉम्प्युटर आणि ताईचं ड्रिल चालवणारा काँप्रेसर एकाच फ्यूजवर झेपत नव्हते. मग परीक्षा ताईच्या जेवणाच्या सुट्टीत घ्यायची ठरली, आणि दोघं काळोखात वायरींच्या मधोमध मांडी घालून हसत बसले. तो हसताना आवाज करत नव्हता, नुसते खांदे हलत होते.

सुट्टीत आधी चित्राचं काम लावलं. फिल्ममधला ससा ट्रॉलीवर झोपून लिफ्टकडे निघालाय, एवढा छोटा तुकडा. पडद्यावर चित्राचे चौकोन पडले. चारवाल्याने चार चौकोन घेतले, ते भरले, पुढचे चार घेतले. त्याचा एकेक हात झपाझप चालत होता. मग आठवाला लावला. त्याचा एकेक हात सावकाश, पण आठ जण मिळून भिडले ते चित्र बघता बघता भरून गेलं. चारवाल्याला लागलेल्या वेळाच्या निम्म्याहून जरासा जास्त, बस्स.

“बघितलंत?” खारू खुशीत म्हणाली. “आता तुमचं.”

त्याने खिशातून पेन ड्राइव्ह काढला. आठवाल्यावर प्रोग्राम चढवला आणि टाइप केलं — चहा गार होतोय.

कॉम्प्युटर गप्प. पंखा घुमतोय. खारूने त्याच्याकडे पाहिलं, त्याने पडद्याकडे. ती ‘चालत नाहीये का?’ असं विचारणार, तेवढ्यात भरदार, घुमणारा, अगदी ठसठशीत आवाज आला—

“चहा… गार होतोय!”

खारूच्या अंगावर काटा आला. आणि त्याच क्षणी हसूही फुटलं. कारण ते वाक्य एखादी गाडी सुटत असल्यासारखं आलं होतं.

“बाबा स्टेशनवर घोषणा करायचे,” तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होत म्हणाला. “मी त्यांना वर्तमानपत्र वाचायला लावून रेकॉर्डिंग केलं. त्यांनी भाजीच्या भावांपासून हवामानापर्यंत सगळं असंच वाचलं.”

मग चारवाला लावला. तेच वाक्य. शेवटच्या अक्षरावरून त्याचं बोट उठतं न उठतं तोच आवाज खोलीभर झाला.

फरक ऐकायला कानवाल्याची गरज नव्हती.

“असं कसं?” त्याने विचारलं. “हात तर निम्मेच आहेत.”

“चित्राचे तुकडे वाटून घेता येतात. बोलण्याचे नाही येत. आधीचा शब्द झाल्याशिवाय पुढचा कसा म्हणायचा हे कळत नाही. तुमच्या प्रोग्रामचं सगळं काम एकच हात करतोय, बाकीचे बघत बसलेत. मग ज्याचा एक हात चपळ, तो जिंकला.” खारू थांबली. “म्हणजे… आपल्याला भांडायची गरज नाही.”

“नाही,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता. आणि थोडं काहीतरी आणखी, जे तिलाही जाणवलं होतं. कारण भांडण नाही म्हणजे पुन्हा भेटायचं कारणही नाही…

“थांबा थांबा,” ती घाईने म्हणाली. “एकदा तपासून काय कळतं? रॅमची जागा बदलून बघायला हवं. लांब वाक्यं घ्यायला हवीत. उद्या परत…?”

“मलाही तेच वाटतं,” तो इतक्या पटकन बोलला, की नेहमीचा थांबा घ्यायलाच विसरला.

*

दुसऱ्या दिवशी तपासलं. तिसऱ्या दिवशीही. मग ‘पावसाळी हवेत फरक पडतो का’ हेही बघून झालं. शेवटी ताईच भिंतीपलीकडून ओरडली, “अगं, त्या बिचाऱ्या यंत्रांना कळलंय सगळं! तुम्हालाच उरलंय!” तेव्हा कुठे चारवाला त्याच्या घरी पोचला, आणि तो जोडून द्यायला म्हणून खारूही.

घर छोटं, नीटनेटकं. खिडकीशी आरामखुर्चीत बाबा. गळ्याभोवती पातळ रुमाल, मांडीवर पाटी. खारूने नमस्कार केला. त्यांनी मान हलवली, आणि चारवाला टेबलावर जोडून होताच पाटीवर लिहून ती मुलाकडे वळवली.

‘मला नको आहे हे.’

“बाबा, एकदा ऐका तरी. आता थांबत नाही तो. लगेच बोलतो.”

बाबांनी पुसलं, लिहिलं. ‘दयेचं यंत्र.’

तो खाली बघत राहिला. किती महिने त्याने हे चालवलं असेल, कितीदा ही पाटी अशी वळली असेल, हे खारूला त्याच्या वाकलेल्या खांद्यांवरून कळलं. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून बाबांनी मित्रांकडे जाणं सोडलं होतं. पाटीवर लिहून होईपर्यंत गप्पा पुढे निघून जायच्या. ते विनोद लिहायचे तेव्हा लोक दुसऱ्याच गोष्टीवर हसत असायचे. हळूहळू त्यांनी विनोदच सोडला.

खारू खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

“काका, मी दयाबिया करायला आले नाही. माझंच काम अडलंय. माझ्या फिल्ममध्ये एक लिफ्ट आहे. बोलणारी. छोट्या सशाला ऑपरेशनला नेते आणि प्रत्येक मजल्यावर घोषणा करते. मी स्वतःच्या आवाजात करून बघितलं. लिफ्ट नाही, मांजर वाटते.”

बाबांच्या भुवया हलल्या.

“तुमचा आवाज ऐकला मी. तो लिफ्टचाच आहे. पण नुसता टाइप करून भागणार नाही. कुठे थांबायचं, कुठे जोर द्यायचा, ते तुम्हीच बसून ठरवायला हवं. हे कामाचं विचारतेय. नाही म्हणालात तर दुसरं कोणी बघेन.”

बाबांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग पाटी बाजूला ठेवली, उठले, टेबलाशी जाऊन बसले आणि एकेका बोटाने टाइप केलं.

“पोरी… लिफ्टची वाक्यं… दाखव!” घर दणाणलं.

आपलाच आवाज खोलीत ऐकून बाबांचे हात कीबोर्डवर तसेच राहिले. ते मागे वळले नाहीत. त्यांच्या पाठीवरून मात्र सगळं दिसत होतं. मुलगा भिंतीला टेकून उभा होता आणि मनगटाने डोळे पुसत होता.

मग बाबांनी पुन्हा टाइप केलं. “रडणाऱ्यांनी… कृपया चहा ठेवावा!”

तिघंही हसले… एकाच वेळी. बाबांचं हसणं बिनआवाजाचं, नुसते खांदे हलणारं. अगदी मुलासारखं.

चहा घेऊन तो आणि खारू गॅलरीत उभे राहिले. आत बाबा लिफ्टची वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणवून घेत होते आणि समाधान न होऊन खोडत होते. बाहेर रस्ता ओला, दिव्यांची पिवळी लांबलचक प्रतिबिंबं. त्याने कठड्यावरच्या तिच्या हातावर हात ठेवला. आता… आता हा काहीतरी बोलणार…

“तुमचे उपकार,” तो म्हणाला, “मी कसे फेडू?”

उपकार!

खारूने हळूच हात सोडवून घेतला आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. “त्यात काय मोठंसं,” ती म्हणाली. चहा एकदम फिका लागला. एवढे दिवस त्याच्या डोळ्यांत तिला जे दिसत होतं, ते उपकार होते तर.

*

पुढचे दिवस तिने कामात डोकं घातलं. बाबा मात्र रोज दुपारी खोलीवर हजर. घरी तयार केलेली वाक्यं पेन ड्राइव्हवर घेऊन यायचे आणि ती चित्रावर नीट बसतात की नाही ते ऐकायचे. भारी चिकित्सक माणूस. ‘पहिला मजला, इथे ताप उतरतात’ या वाक्यातला ‘उतरतात’ त्यांना हवा तसा उतरेपर्यंत तीन वेळा घरी नेऊन आणला. एका दुपारी त्यांनी स्वतःहूनच एक वाक्य आणलं. खारूच्या संहितेत ते नव्हतं.

“भीती वाटली… तर सांगा. लिफ्ट… थांबेल.”

खारूने विचारलं, “हे कुठून सुचलं?” बाबांनी गळ्यावरच्या रुमालाला बोट लावलं आणि पाटीवर लिहिलं, ‘मला कोणी म्हणायला हवं होतं.’ तिने ते वाक्य जसंच्या तसं ठेवलं.

तोही यायचा, बाबांना न्यायला. खारू बोलायची, पण बेताचंच. थँक्यू, या, बसा. त्याला काहीतरी चुकल्याचं कळत होतं, काय ते कळत नव्हतं. तो दारात नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबायचा, मग निघून जायचा.

आणि मग, फिल्म दाखवायची वेळ अगदी तोंडावर आलेली असताना, आठवाला गेला.

आधी जळका वास आला, मग एक बारीकसा चट् आवाज, मग सगळं काळं. दुकानदारकाका धावत आले, डबा उघडून बघितला आणि हळहळले. प्रोसेसर ठीक होता, पण त्याला सांभाळणारा मदरबोर्डच जळला होता. त्या जुन्या जातीचा दुसरा मिळेपर्यंत वेळ लागणार होता. शेवटचा भाग, लिफ्टमधून सशाचं परत खाली येणं, अजून तयार व्हायचा होता.

“कानवाल्यांना सांग ना,” ताई म्हणाली. “त्यांच्याकडे चारवाला आहे.”

“अजिबात नाही! तो काकांचा आवाज आहे, ताई. आणि मी मागितलं तर ते लगेच देतील… उपकार फेडायला.” शेवटचे दोन शब्द बोलताना तिचा आवाज चिरकला. ताईने मग काही विचारलं नाही, नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पण बाहेर जाऊन फोन मात्र केला. तो फोन बाबांनी उचलला, आणि चारवाल्यावर टाइप करून ताईला सगळं विचारून घेतलं.

तासाभरात बाप-लेक दारात. मुलाच्या हातात चारवाला.

“काका, नाही,” खारू म्हणाली. “तुम्ही आत्ता कुठे बोलायला लागलात.”

बाबांनी मुलाला डबा टेबलावर ठेवायला लावला, तारा जोडायला लावल्या आणि स्वतः कीबोर्डशी बसले. बहुधा घरून ठरवून आले होते.

“कृपया लक्ष द्या! चार कोअरची गाडी… काही दिवस… सशासाठी धावेल. प्रवाशांनी… वाद घालू नये!”

आणि प्रोग्राम स्वतःच्या हाताने बंद केला. पुन्हा पाटी घेतली. लिहिलं, ‘याला वेळ जास्त लागेल. तू मोजला आहेस. आता सुरू कर.’

तिने मोजला होताच. आठवाल्याच्या जवळजवळ दुप्पट. न थांबता चालला तर जेमतेम होणार होतं. ताईने लगेच जाहीर केलं, की फ्यूजचा धोका नको म्हणून काम होईपर्यंत ती काँप्रेसर सकाळच्या वेळीच थोडा थोडा लावेल आणि ड्रिलचे पेशंट पुढे ढकलेल. चारवाला कामाला लागला. चार चौकोन, मग पुढचे चार, मग पुढचे. बिचारा एकटा आठांचं ओझं ओढत होता आणि कुठेही अडखळत नव्हता. खारू अधूनमधून त्याच्या गरम पत्र्यावर हात ठेवायची आणि मनातल्या मनात त्याला, बाबांना, ताईला, सगळ्यांनाच हात जोडायची. आपल्यासाठी एवढ्या जणांनी आपापलं काहीतरी बाजूला ठेवलंय… ती किती भाग्यवान होती, हे तिला त्या दिवसांत पहिल्यांदा नीट कळलं.

*

ज्या सकाळी फिल्म दाखवायची, त्याच सकाळी शेवटचं चित्र उतरलं.

मुलांच्या विभागातल्या एका खोलीत पडदा लावला होता. काही मुलं खुर्च्यांवर, काही आईच्या मांडीवर, एक-दोघं चाकांच्या पलंगावर. ससा ट्रॉलीवर चढला. लिफ्टचं दार उघडलं, आणि तो भरदार आवाज घुमला, “पहिला मजला! इथे… ताप उतरतात!” मुलं खिदळली. दुसऱ्या मजल्यावर सशाचे कान थरथरले तेव्हा खोली चिडीचूप झाली. “भीती वाटली… तर सांगा. लिफ्ट… थांबेल.”

“थांब!” पुढच्या रांगेतून एक बारीक आवाज आला. एक छोटी मुलगी खुर्चीवर उभीच राहिली होती.

आणि पडद्यावर लिफ्ट थांबली. सशाने खोल श्वास घेतला, मान हलवली, मग ती वर निघाली. मुलगीही श्वास सोडून खाली बसली. सगळ्यांत मागच्या खुर्चीवर बाबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला.

फिल्म संपल्यावर कोणीतरी त्या मुलीला सांगितलं, की लिफ्टवाले आजोबा तिकडे बसलेत. ती जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

“तुम्ही लिफ्ट?”

बाबांनी मान डोलावली.

“मग बोला ना!”

खारू पुढे व्हायला गेली, पण बाबांनी हाताने तिला थांबवलं. त्यांनी गळ्यावरचा रुमाल सोडला. घरातही जो कोणासमोर सोडत नव्हते, तो. मुलीने वाकून गळ्यावरची खूण पाहिली.

“तुमचंपण ऑपरेशन झालं?”

मान हलली.

“दुखलं?”

बाबांनी पाटीवर लिहिलं. मुलीने एकेक अक्षर जोडून मोठ्याने वाचलं. “थो-डं. म-ग… क-मी.” तिने थोडा विचार केला, मग मागे वळून आईला बजावल्यासारखं सांगितलं, “थोडंच दुखतं. मग कमी होतं.” आणि बाबांच्या बाजूच्या खुर्चीवर चढून बसली.

खारूला तिथे उभं राहवेना. ती बाहेर आली. लांब व्हरांडा, टोकाला उतरता रस्ता, पलीकडे झाडांवरून ठिबकणारं पाणी. मागून पावलं आली. कोणाची, ते बघायची गरज नव्हती.

“थँक्यू,” ती पाठमोरीच म्हणाली. “तुम्ही तो दिला नसता तर… मी आता तुमची ऋणी. म्हणजे फिटलं आपलं. हो ना?”

तो थांबला. नेहमीपेक्षा जास्त. खारूला वाटलं, हा आता ‘हो’ म्हणून निघून जाणार.

“त्या दिवशी गॅलरीत,” तो म्हणाला, “मी चुकीचं बोललो. मला दुसरंच बोलायचं होतं. पण बाबा इतक्या दिवसांनी हसले होते… मला भीती वाटली. वाटलं, मी ते बोललो तर तुम्हाला वाटेल, हा कृतज्ञतेच्या भरात बोलतोय. तुम्हाला काय, मलाच वाटलं असतं. म्हणून जे सुरक्षित होतं ते बोललो.”

खारू वळली.

“नंतर मी रोज तपासून पाहिलं,” तो म्हणाला. “आभार बाजूला काढून ठेवले. बाबांचे आभार बाबांचे ते मानतील. तुमच्यापेक्षा जास्त बडबड करतात ते हल्ली. मग माझं म्हणून काय उरतं ते बघितलं.”

“आणि…?”

“सगळंच उरलं.” त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “तुम्ही चित्र काढताना जीभ बाहेर काढता, ते उरलं. ताईंवर रागावून मग त्यांच्याच डब्यातलं खाता, ते उरलं. तुम्ही बोलायच्या बंद झालात तेव्हा मला दिवसभर लोकांचे कान तपासताना दुसरं काही ऐकू येईना, ते उरलं. तुम्ही माझ्यासाठी काहीही केलं नसतं तरी… मला तुम्ही हव्या होतात.”

खारूचे डोळे भरून आले आणि हसूही आलं. दोन्हींचं काय करावं ते न कळून तिने तळहातांनी चेहरा झाकला.

“काहीतरी बोला,” तो घाबरून म्हणाला.

“मला वाटलं, मी तुम्हाला नुसती उपयोगी पडले,” ती बोटांआडून म्हणाली. “किती रडले माहितेय? ताईचा अख्खा कापसाचा डबा संपवला.”

“आणि आता?”

तिने हात खाली घेतले. “आता आभार मानायचेत मला. तुमचे नाही हं. तुम्ही मला आवडता, तुमचे कसले आभार! डबा बाजूला ठेवायला विसरणाऱ्या दुकानदारकाकांचे मानीन. फ्यूजचे मानीन.” तिने नाक ओढलं. “आणि एक गोष्ट. जो माणूस मला एवढं सगळं सांगतो, तो मला ‘अहो-जाहो’ करतो… विचित्र वाटतं ते.”

आतून मुलांचा गलका ऐकू आला. मुलांना फिल्म पुन्हा बघायची होती, आणि ताई दारातून डोकं काढून दोघांना शोधत होती. दोघांना एवढ्या जवळ उभं बघून तिने ते डोकं तितक्याच चटकन आत घेतलं.

त्याने हात पुढे केला. खारूने या वेळी तो नीट, सगळ्या बोटांनी धरला. तो बोलायला गेला, अडला, ओठांवर आलेला शब्द एकदा मागे घेतला… आणि मग, पहिल्यांदाच चाखून बघावा तसा, तो शब्द त्याने अगदी हळू सोडला.

“चल.”